सही राहुकालानंतर

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चिन्नम्माकुंटा तळ्याचा नकाशा आज माझ्या नकाशाच्या खोलीतून गेला एकदाचा. रंगाराव गारू, इथल्या तेलुगूत 'गारू' म्हणजे आपलं 'जी', त्यासाठी दोन वर्षं खेटे घालत होते. गणिताचे निवृत्त मास्तर, त्या तळ्याकाठच्या कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. दर खेपेला पिशवीत माझ्यासाठी पेरू, आणि दर खेपेला माझं एकच उत्तर: नकाशावर 'गोपनीय' शिक्का आहे, माझ्या हातात काही नाही. त्यावर त्यांचं ठरलेलं, "अम्मा, तालाब बी कोई छुपाने की चीज है क्या? सड़क से दिखता."

परवा रविवारी मंत्रीसाहेब तळ्याकाठच्या सभेत माईकवरून बोलले, "आज से शहर के सारे तालाबों के नक्शे जनता के लिए खुले!" टाळ्या. आम्ही जेवता जेवता टीव्हीवर पाहिलं. हे म्हणाले, "वसू, तुझी कपाटं उघडली बघ."

आज रंगाराव हजर. उद्या कोर्टात तारीख. बिल्डर रोज तळ्यात मुरूम ओततोय. नकाशा आजच हवा. मी तो घेऊन संचालकसाहेबांकडे गेले. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं. मंगळवारी तीन ते साडेचार राहुकाल. त्या वेळात साहेब पेनाला हात लावत नाहीत, सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. म्हणाले, "मॅडम, तुम दे डालो. मिनिस्टर साब भरी सभा में बोले ना. सही मैं राहुकालम के बाद करतूं."

दिला. आमच्याकडे कागद खुला करायचा म्हणजे शिक्क्यावर लाल रेघ, शेजारी कुणाच्या आदेशाने ते, आणि त्याखाली साहेबांची आद्याक्षरं. या नकाशावर शिक्के दोन. वरचा आमच्या खात्याचा. खालच्या कोपऱ्यातला दिल्लीच्या खात्याचा, तळ्याला लागून लष्कराची छावणी आहे म्हणून मारलेला. दोन्हींवर रेघ ओढली. बाहेर जाणाऱ्या कागदावर रेघ नसलेला शिक्का राहू द्यायचा नाही, हे हाताला पडलेलं वळण. 'मा. मंत्र्यांच्या आदेशाने' असं लिहिलं. आद्याक्षरांची जागा मोकळी.

प्रत हातात घेताना मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर सही घ्यायला गेले तर साहेब सचिवालयात निघून गेलेले. उद्या.

बुधवार, १२

सही नाही. "अरे हौ मॅडम, रखो उधर." उधर म्हणजे टेबलाशेजारचं स्टूल. सहीसाठीची माझी कालची टिपणी तिथं गेली. त्या स्टुलावर गेलेलं काम सहसा परत येत नाही.

संध्याकाळी रंगारावांचा फोन. कोर्टानं नकाशा पाहिला, तळ्यातलं काम थांबवलं. पलीकडे लोक ओरडत होते, कुणीतरी फटाके लावले होते. मलाही फार आनंद झाला. ह्यांना गुडघेदुखीवरही गोड खायचं निमित्त मिळालं. शिरा केला.

शुक्रवार, १४

सही नाही. साहेब वरंगलला.

शनिवार, १५

भाजीबाजारात मेथी निवडत होते, तेवढ्यात रंगारावांचा फोन. काल बिल्डरच्या वकिलानं कोर्टात नकाशा वर धरून विचारलं म्हणे, की हा दिल्लीचा गोपनीय कागद, यावरची रेघ कुणाच्या परवानगीनं? दिल्लीला तक्रारही धाडली आहे. रंगाराव म्हणाले, "एमी कादम्मा, मिनिस्टर बोले सो सब सुने." काही नाही होणार, अम्मा.

मेथी तशीच सोडून घरी आले. खालचा शिक्का. वरच्याचं एक ठीक आहे, तो आमचा. खालचा आमचा नव्हताच.

ह्यांना सांगितलं नाही.

सोमवार, १७

दिल्लीचं पत्र आलं. साहेबांनी बोलावलं, दार लावायला सांगितलं. बसा म्हणाले नाहीत.

"ये नीचे वाले पे लकीर कौन मारा?"

"मी, साहेब."

"किसके बोलने पे?"

मी म्हटलं, आपण म्हणालात देऊन टाका, सही राहुकालानंतर करतो. साहेबांनी दिल्लीचं पत्र घडी घालून फायलीत ठेवलं. मग म्हणाले, "मैं बोला सही के बाद देना. सही है क्या मेरी?"

नाही.

खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. ऐकू येत होतं पण शब्द कळत नव्हते, पाण्याखालून बोलल्यासारखे. एवढं कळलं की दिल्लीहून दोघे येणार. गोपनीय कागदांचा कायदा लागतो का ते तेच ठरवणार. तोवर मी नकाशाच्या खोलीत जायचं नाही, बोलावलं तरच ऑफिसात यायचं. किल्ली काढून दिली. तेहतीस वर्षांची नोकरी, मार्चमध्ये निवृत्त व्हायची.

ह्यांना सांगितलं. चाळीस वर्षं सिटी सिव्हिल कोर्टात काढली आहेत, वाटलं काहीतरी कलम सांगतील, धीर देतील. ते नुसते म्हणाले, "दोन्ही शिक्के? वसू, दोन्ही?"

मंगळवार, १८

टीव्हीवर मंत्रीसाहेब. पत्रकारानं विचारलं, नकाशे खुले केले म्हणाला होता ना? हसले. "मैं तो जनता के दिल की बात बोला. कागज देना, नहीं देना, वो अफसरों का काम है. कायदे से."

ह्यांनी टीव्ही बंद केला. मी पुन्हा लावला. पुन्हा तेच ऐकायचं होतं, का ते कळत नाही.

बुधवार, १९

मोबाईलवर शोधलं, शिक्षा किती. जे आलं ते इथं लिहीत नाही. मग शोधलेलं पुसून टाकलं. मग वाटलं, पुसलं हेच कुणाला दिसलं तर? असं माझं डोकं झालंय. चहात मीठ टाकलं.

दुपारी दाराची घंटा वाजली. मी बाथरूममध्ये जाऊन बसले. गॅसवाला होता. हे दार उघडायला लंगडत गेले बिचारे.

गुरुवार, २०

अमावास्या. साहेब अमावास्येला येत नाहीत. एक दिवस मिळाला.

ह्यांच्याशी भांडण. त्यांचं म्हणणं लिहून ठेवते, उपयोगी पडेल. मंत्र्याला आपल्या खात्याचा कागद खुला करता येतो, पण आदेश लेखी हवा, कागद कोणता ते त्यात हवं. सभेत म्हटलं 'सारे नक्शे', ती घोषणा, आदेश नव्हे. आणि दिल्लीचा शिक्का मंत्र्यानं लेखी दिलं असतं तरी निघाला नसता. ज्यानं मारला त्यालाच तो काढता येतो. मंत्र्याला नाही, साहेबांना नाही.

मी ओरडले, "मग हे मला कुणीतरी सांगायचं होतं!"

"तुला ठाऊक होतं."

ठाऊक होतंच की. नव्या लोकांना शिकवते मीच. पण सगळं शहर टाळ्या वाजवत होतं, समोर म्हातारा मास्तर, साहेब म्हणताहेत देऊन टाका. त्या वेळी मी एकटीनं हात आखडून म्हणायचं का, की थांबा, या कोपऱ्यातल्या शिक्क्याला मंत्री पुरे पडत नाही? म्हणायला हवं होतं. नुसत्या कल्पनेनंही आत्ता लाज वाटते, तेव्हा कशी म्हणाले असते?

रागाच्या भरात त्यांच्या गुडघ्याचं तेल गरम करायचं राहिलं.

शुक्रवार, २१

खंडोबाचं नवरात्र बसलं. घट बसवला, दिवा लावला. तीन काड्या विझल्या. हे म्हणाले वारा आहे. खिडक्या बंद होत्या.

ऑफिसात साहेब एकदम गोड. चहा मागवला माझ्यासाठी. एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला, माझ्या जबाबाचा मसुदा, त्यांनीच करून ठेवलेला. मंगळवारी दिल्लीवाले येतील, त्याआधी सही करून द्यायचा.

त्यात असं आहे: नकाशा खुला करण्याची तयारी म्हणून मी रेघा ओढून ठेवल्या होत्या, साहेबांच्या सहीसाठी थांबले होते. मधल्या वेळात अर्जदार रंगाराव यांनी, मी जागेवर नसताना, न विचारता मोबाईलवर नकाशाचा फोटो काढून नेला.

किती व्यवस्थित बसवलंय सगळं! साहेबांनी काही सांगितलं नाही, मी काही दिलं नाही. माझ्याकडे थोडा हलगर्जीपणा, एक ताकीद. चोरी मास्तरांची.

"आप के बच्चे अमरीका में, साब के घुटने खराब," साहेब म्हणाले. म्हणजे ह्यांचे गुडघे. "कायकू लफडे में पड़ते, मॅडम? बुड्ढे को क्या करेंगे? डाँट के छोड़ देंगे."

मी नाही म्हटलं नाही. कागद पर्समध्ये ठेवला.

शनिवार, २२

कागद देव्हाऱ्याखालच्या खणात. दिवसभर त्या खणाकडे पाठ करून बसले.

ह्यांनी वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग, "सही कर. मी वकील म्हणून नाही सांगत."

मग म्हणाले, "तू आत गेलीस तर मी इथं काय करू, वसू?" लग्नाला पस्तीस वर्षं झाली, असा आवाज ऐकला नव्हता. त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, नळ सोडून भांडी घासली.

रविवार, २३

मनूचा फोन, न्यू जर्सीहून. तिच्या बाबांनीच सांगितलेलं दिसतंय. ती आपली तिकडचं सांगत सुटली. "आई, इकडे तर किती वाद झाला ह्यावर! प्रेसिडेंटनं नुसतं मनात आणलं तरी फाइल डिक्लासिफाय होते, असं लिटरली म्हणत होते लोक. मनात आणलं तरी!"

हे शेजारून म्हणाले, "मनातलं कपाटाला कसं कळायचं?"

मनू हसली. मलाही हसू आलं, कितीतरी दिवसांनी. मग तिनंच सांगितलं, की तिकडेही ते सगळ्यांना पटलं नव्हतं. राष्ट्राध्यक्षाचा अधिकार मोठा खरा, पण खुलं केलं म्हणजे कुणालातरी सांगावं तर लागेल, कुठंतरी नोंद तर हवी. आणि अणुबॉम्बचे म्हणून काही कागद असतात, त्यांचं कुलूप कायद्यानंच घातलेलं, ते त्यालाही एकट्याला काढता येत नाही.

एवढ्या मोठ्या माणसालाही हद्द आहे. फरक एवढाच की त्यानं हद्द ओलांडली तर टीव्हीवर वाद होतात. आपले मंत्री बोलून गेले, साहेब बोलून गेले, रेघ तेवढी माझ्या हातची. तीच कागदावर दिसते.

मनू शेवटी म्हणाली, "आई, जस्ट साइन इट. प्लीज. तो माणूस आपला कोण आहे?"

कोणी नाही. पेरू आणायचा.

सोमवार, २४

सकाळी घंटा वाजली. लपले नाही, पण दार ह्यांनीच उघडलं. रंगाराव गारू. विद्यानगरला कुणाकडे आलो होतो, तिथून चालत आलो, म्हणाले. ते खोटं, चेहऱ्यावर दिसत होतं. आज हातात पिशवी नव्हती.

ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना मसुद्याचं सांगितलंय. बसल्या बसल्या म्हणाले, "अम्मा, मेरा नाम लिख दो. फोटो मैं निकाला बोल के. मैं बी वहीच बोलतूं. अठहत्तर का हो गया मैं, मेरेकू क्या करते?"

मी विचारलं, आणि तळं?

चोरून आणलेला नकाशा म्हटल्यावर कोर्ट तो बाजूला ठेवील की नाही ठाऊक नाही, पण बिल्डरचा वकील तेवढ्यावर टपूनच बसला असणार. मास्तरांना ते कळत होतं. म्हणाले, "तालाब का क्या, अम्मा. तालाब को घर नहीं, बच्चे नहीं." आणि पाणी मागितलं. पेला तसाच खाली ठेवला, दोनदा दाराकडे पाहिलं. तेही घाबरलेत. घाबरून, चालत, एवढं सांगायला आले.

ते बोलत असताना मला आधी काय वाटलं ते लिहिते. सुटले. अगदी असंच वाटलं, छातीवरून काहीतरी उचललं गेलं. स्वतःच्या तोंडानं हो म्हणतोय ना, मग माझं काय जातं? तेवढ्यात ह्यांच्याकडे नजर गेली. ते जमिनीकडे बघत होते, आणि त्यांनाही तेच वाटलेलं मला दिसलं.

मास्तरांना जेवून जा म्हटलं. नको म्हणाले. ह्यांनी जिन्यापर्यंत सोडलं, एकमेकांना धरून दोघे पायऱ्या उतरले.

दुपारी बसून माझा जबाब मी लिहिला. लहानसाच झाला. मंत्र्यांनी सभेत काय म्हटलं. साहेबांनी तोंडी काय सांगितलं, सही का केली नाही. दोन्ही शिक्क्यांवर रेघ मी ओढली, खालच्यावर ओढायचा अधिकार मला नव्हता, साहेबांना नव्हता, मंत्र्यांनाही नव्हता. अर्जदारानं नकाशा मागितला आणि मी दिला.

ह्यांना वाचायला दिलं. एक स्वल्पविराम घातला आणि परत दिलं. नंतर म्हणाले, "पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. तुझ्या प्रतीवर त्याची आद्याक्षरं, तारीख. नाहीतर उद्या म्हणेल, बाईंनी काही दिलंच नाही."

अंगात कसकस आहे. बॅगेत बी.पी.च्या गोळ्या, एक साडी, टॉवेल ठेवला. मग साडी काढून ड्रेस ठेवला. मग सगळंच बाहेर काढलं. मग परत भरलं.

मंगळवार, २५

हे साहेबांच्या केबिनमध्ये बसून लिहिते आहे. रोजनिशी पर्समध्ये होती. हातांना काहीतरी काम हवं.

साहेबांचा निरोप होता, दुपारच्या आत या. बाराला आले. हे रिक्षातून सोबत आले, गुडघे धरून आबिड्सच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसलेत. साहेब सचिवालयात होते, ते उगवले तीननंतर. पंखा लावला, हात पुढे केला. मी माझा जबाब ठेवला. दोन प्रती.

पहिली ओळ वाचून मान वर केली. "ये वो नहीं है."

"नाही साहेब. हा माझा आहे."

उभ्यानंच सगळा वाचला. एका जागी थांबले, त्यांनी तोंडी काय सांगितलं त्या ओळीवर. रागावतील असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. घड्याळ पाहिलं. "राहुकालम चालू है, मॅडम. अभी मैं कुछ नहीं लेता. रखो उधर."

स्टूल.

ते स्टूल, त्यावरची धूळ, त्यावर पडलेली माझी ११ तारखेची टिपणी अजून तिथंच, वर कुणीतरी कॅलेंडर टाकलंय. दोन्ही प्रती उचलून मी हातात घेतल्या आणि समोरच्या खुर्चीत बसले. कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"पोच पाहिजे, साहेब. थांबते मी."

"आप सेक्शन में बैठो, मैं बुलातूं."

"नक्को साहेब."

तेव्हापासून बसले आहे. साहेब मोबाईल बघताहेत. दोनदा उठून खिडकीशी जाऊन आले. शिपाई चहा घेऊन आला, मला बघून दोन कप ठेवून गेला. मी प्यायले नाही. दिल्लीवाले विमानतळावरून निघालेत, असं मघाशी फोनवर बोलणं झालं. माझ्यासमोर, मुद्दाम.

ह्यांचा मेसेज: झालं का? उत्तर दिलं नाही. दुसरा मेसेज: वांगी घेतली.

उद्या चंपाषष्ठी. भरीत-रोडग्याचा नैवेद्य, तळी भरायची. चातुर्मासात ह्यांनी वांग्याला हात लावलेला नाही, आषाढापासून उद्याची वाट बघताहेत. उद्या मी घरी असेन की नाही ते ठाऊक नाही. साहेबांनी आद्याक्षरं केली तर माझं खरं म्हणणं दिल्लीवाल्यांपुढे जाईल, आणि त्यात रेघ मी मारल्याचंही माझ्याच तोंडचं असेल. नाही केली तर माझ्यापाशी काहीच नाही, आणि त्यांच्या खणात तो मसुदा आहेच. दोन्हीकडून भीती आहे. इतकी भीती की पेन घसरतंय, हे अक्षर माझं वाटत नाही.

उठावंसं वाटतंय. दार तीन पावलांवर आहे.

भिंतीवरचं घड्याळ माझ्या पाठीमागे आहे. मोबाईल पाहिला, साडेचार. साहेबांनीही त्यांचा पाहिला, पालथा ठेवला, आणि पुन्हा सरळ करून काहीतरी वाचू लागले.

दोन्ही प्रती त्यांच्या हातापुढे सरकवल्या. पर्समधलं दुसरं पेनही काढून वर ठेवलं, लाल नव्हे, निळं. आत्ता म्हटलं मी, जेवढा आवाज निघाला तेवढ्यात:

"साब, राहुकालम खतम हुआ."